दंडावरचा जागल्या

धैर्यशील खराडे सुट्टी घेत नसे, आणि ही गोष्ट चार माणसांत सांगायची संधीही तो सोडत नसे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची फाउंड्री होती. ट्रॅक्टरच्या इंजिनाला लागणारे लोखंडी भाग तिथे ओतले जात. कुणाच्या लग्नात जेवायला बसला की शेजारचा सहज विचारायचा, यंदा कुठे फिरून आलात की नाही? झालं. ह्याला तेवढंच हवं असायचं. भट्टीला रविवार कळत नाही, ती थंड करून पुन्हा तापवणं परवडत नाही, मालकच घरी बसला तर कामगार कशाला येतील, हे सगळं ऐकेपर्यंत शेजारच्याच्या ताटातली जिलेबी गार होऊन जायची. शेवटचं वाक्य तर ठरलेलंच. हे सगळं घरच्यांसाठीच चाललंय, नाहीतर मला दोन भाकरींपलीकडे काय लागतंय?

घरचे म्हणजे बायको, ऋतुजा. मुलगी शिकायला पुण्याला होती. ऋतुजा पंगतीत जवळपास असली तर ह्या वाक्याला मान डोलवायची आणि त्याच्या वाटीत आमटी संपलीय का बघायची.

अशा ह्या माणसापुढे एक दिवस जागल्या येऊन उभा राहिला.

त्या सुमारास माणसाच्या शरीरात एक नवं द्रव्य सापडलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला अक्षरं आणि आकडे जोडून कसलंसं नाव दिलं, पण मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं. जागल्या. पूर्वी गावात रात्रीचा पहारा देणारा असायचा, त्याचं नाव. माणूस कामाने थकतो असं तोवर सगळे समजत होते, ते अर्धंच खरं निघालं. कामाचा शीण रात्रभर झोपलं की जातो. पण आता कुणीतरी हाक मारेल, आता काहीतरी बिनसेल, म्हणून माणूस कान टवकारून बसतो, तेव्हा मेंदूतल्या पहाऱ्यावरच्या पेशी हे द्रव्य सोडतात आणि ते रक्तात साठत जातं. तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाच्या रक्तात ते नावापुरतं सापडलं. दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर नुसत्या बाकावर बसलेल्या आईच्या रक्तात मात्र भरपूर. ते उतरायला नुसतं आडवं पडून भागत नाही. आता आपल्याला कुणी हाक मारणार नाही, अशी शरीराची खात्री पटावी लागते.

मग घामातला जागल्या मोजणारी पट्टी निघाली. रुपयाएवढी, दंडाला चिकटवायची. पाठोपाठ मोठ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की ज्या कारखानदाराचा जागल्या चढलेला असतो, त्याच्याकडून येणारा माल जास्त नापास होतो. थकलेलं डोकं चुकीचे निर्णय घेतं, ह्यात नवल ते काय. धैर्यशील ज्या ट्रॅक्टर कंपनीला माल द्यायचा तिने नियमच काढला. माल पुरवणाऱ्या प्रत्येक मालकाने पट्टी लावायची, आणि तिच्यावरून निघणारी जागल्याची रेघ धोक्याच्या खुणेखाली राहिली तरच पुढची ऑर्डर. धैर्यशीलचा जवळजवळ सगळा माल त्या एकाच कंपनीला जायचा. ती ऑर्डर गेली म्हणजे भट्टी विझली, इतकं सरळ होतं ते.

कारखानदारांच्या संघटनेने आरडाओरडा करून एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली. पट्टीने फक्त जागल्याची चढउतार पाठवायची. नाडी, साखर, रक्तदाब, काही नाही. आमची दुखणी बँकेपर्यंत जायला नकोत, असं संघटनेचं म्हणणं. त्या भाषणाला सगळ्यात जास्त टाळ्या धैर्यशीलनेच वाजवल्या होत्या. आता ह्या सोयीचा पुढे काय उपयोग होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपली रेघ खुणेच्या कितीतरी वर असणार ह्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. इतकी वर्षं स्वतःला झिजवलेला माणूस तो! वसाहतीत चहाच्या गाड्यावर एक युक्ती कानोकानी फिरत होती. पट्टी चिकटवल्यावर ती पक्की धरायला थोडा वेळ घेते. तेवढ्यात खोबरेल तेल लावून अलगद सोडवली तर दुसऱ्याच्या दंडावर छान बसते. कुणी म्हाताऱ्या वडिलांना लावली होती, कुणी मेव्हण्याला. धैर्यशीलला फार विचार करावाच लागला नाही. आपल्या माहितीतलं सगळ्यात निवांत माणूस कोण? घरात भांड्याला बाई, कपड्याला यंत्र, मुलगी बाहेरगावी. ऋतुजाला काम असं काय होतं?

श्रावणात कंपनीच्या शिबिरात नर्सने पट्टी लावली. त्याने गाडीतच ती सोडवली, घर जवळच होतं, आणि ऋतुजाला म्हणाला, दंड दाखव बघू. कंपनीने तब्येतीची योजना काढलीय, घरच्यांनाही मिळते. मुद्दाम तुझ्यासाठी मागून घेतली.

ऋतुजाने दंड पुढे केला. पट्टी बसल्यावर ती बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिली. त्या संध्याकाळी तिने आजऱ्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं की ह्यांनी माझ्या तब्येतीसाठी काहीतरी आणलंय. हे धैर्यशीलच्या कानावर पडलं. त्याला क्षणभर कसंतरी झालं. पण माल गाडीत चढत होता आणि सर्जेराव, रात्रपाळीचा सुपरवायझर, वाट बघत होता, म्हणून तो निघून गेला.

गणपती उठले आणि बोलावणं आलं. कंपनीने नेमलेल्या डॉक्टर निलोफर मुजावर राजारामपुरीत बसायच्या. धैर्यशील ऐटीत गेला. निवांत माणसाची रेघ घेऊन आपण आलोय, काळजी कसली?

डॉक्टर बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. रेघ खुणेच्या इतकी वर होती की त्याला आधी वाटलं, पडदा उलटा धरलाय.

"खराडेसाहेब, माझ्याकडे तपासलेल्या मालकांत सगळ्यात वाईट रेघ तुमची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिंडताफिरताय कसे, तेच मला कळत नाही."

पट्टी बिघडली असेल, असं तो पुटपुटला. डॉक्टरांनी मान हलवली आणि पेनाच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली. सकाळी तुम्ही कारखान्यात जाता. इथे रेघ वर जायला पाहिजे, तर ती उतरते. दुपारी आणखी खाली. म्हणजे काम तुम्हाला थकवत नाही, उलट निववतं. आणि संध्याकाळी घरी पोचायच्या वेळेला हे बघा. रेघ सरळ उभी चढली होती. एक दिवस नाही, रोज. मग रात्रभर ती वरच, मधूनमधून अशी टोकं, जणू कुणीतरी हाक मारून उठवतंय.

ती टोकं कसली, हे धैर्यशीलला ताबडतोब कळलं. रात्री भट्टीवर काही अडलं की सर्जेराव फोन करायचा. त्याचा फोन रात्री ऋतुजाच्या उशाशी असायचा. तशी पद्धतच पडली होती त्यांच्या घरात. मालकांना उठवण्याइतकं आहे का, हे ती ठरवायची. नसलं तर निरोप घ्यायची, सकाळी चहाबरोबर सांगायची. धैर्यशील झोपायचा. गाढ झोपायचा.

"महिन्यात फक्त इथे चार दिवस रेघ पार खाली आलीय," डॉक्टर म्हणाल्या. "लहान मूल झोपावं तशी. तेव्हा कुठे होता?"

"कोइमतूरला. यंत्रांचं प्रदर्शन होतं."

"एकटेच?"

"हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या समजूतदार बाई होत्या, आवाज आणखी मऊ करून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरात असं कुणीतरी आहे, ज्याच्या चाहुलीनं तुमचं शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. ते माणूस नसलं की तुम्ही विसावता. घरी कोण असतं?"

"मी आणि बायको."

"मिसेसचा स्वभाव कसा आहे?"

आता इथे माणूस खरं बोलू शकला असता. दार उघडं होतं. पण ऑर्डर डोळ्यांपुढे नाचत होती, आणि धैर्यशीलने आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. तो मान खाली घालून म्हणाला, "जरा तापट आहे."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन या, त्याशिवाय मी शेरा देऊ शकत नाही, असं सांगितलं. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर धैर्यशीलला किल्ली फिरवता येईना. ऋतुजाचा आवाज चढलेला त्याने शेवटचा कधी ऐकला होता, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. आठवेना. आपला स्वतःचा मात्र कालचाच आठवला, भाकरी जाड झाली म्हणून. परवाचाही आठवला.

रोज तो फाटकाशी आला की दोन वेळा हॉर्न वाजवायचा आणि ती पळत येऊन फाटक उघडायची. त्या संध्याकाळी त्याने गाडी कोपऱ्यावरच ठेवली आणि चालत आला. खिडकीतून बैठकीची खोली दिसत होती. ऋतुजा खुर्चीत रेलली होती, पाय स्टुलावर, मांडीत भडंगाचा पुडा. फोनवर बहिणीशी बोलत होती आणि हसत होती. इतकं मोकळं हसू ह्या घरात आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. पलीकडे टेबलावर त्याचं ताट, वाटी, पाण्याचा तांब्या झाकून तयार होता.

त्याने फाटकाला हात लावला. कडी वाजली मात्र, पाय स्टुलावरून खाली आले, पुडा उशीमागे गेला, फोन बंद झाला. केसांवरून हात फिरवत ती दारात आली. चेहरा पुसून टाकल्यासारखा झाला होता.

"आज हॉर्न नाही वाजवला?" तिने विचारलं, आणि मग, रोजच्यासारखंच, "काही चुकलं का?"

हे वाक्य ती रोज म्हणायची. त्याने ते आजवर कधी ऐकलंच नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण सांगितलं त्याने काहीच नाही. जेवताना भाकरी छान झालीय म्हणाला, तर ती घाबरून त्याच्याकडे बघायला लागली. महाबळेश्वरला जाऊ या का म्हणाला, तर ती उठून त्याचं स्वेटर आणि गोळ्या कुठे ठेवल्यात ते आठवायला लागली. डॉक्टरकडे जायचंय एवढंच त्याने कसंबसं सांगितलं. तपासणी आहे, तुला दोन शब्द विचारतील. आठवडाभरात खरं बोलायचे किती मुहूर्त त्याने काढले आणि किती मोडले, ते त्याचं त्याला माहीत.

ठरलेल्या दिवशी दोघं डॉक्टर मुजावरांपुढे बसली. ऋतुजाने ठेवणीतली साडी नेसली होती, आणि पदर दंडावर ओढून घेतला होता. पडद्यावर रेघ चालू होती. दोघं आत आल्याबरोबर ती चढायला लागली होती, आणि डॉक्टरांनी धैर्यशीलकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. बघा, बायको सोबत आली आणि काय झालं, असं ती नजर म्हणत होती.

डॉक्टरांनी पुष्कळ आडवळणाने सुरुवात केली. यजमानांच्या तब्येतीची काळजी, घरातलं वातावरण, संध्याकाळी माणूस दमून येतो तेव्हा त्याला काय हवं असतं. ऋतुजा सगळ्याला हो म्हणत होती. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "मिस्टरांचं म्हणणं, तुमचा स्वभाव थोडा तापट आहे."

ऋतुजाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, पण तो कशात तरी अडकलाय एवढं तिने ओळखलं. सर्जेरावाचा फोन घ्यावा, तितक्या सहज तिने हेही स्वतःवर घेतलं.

"हो," ती म्हणाली. "आहे माझा तसा स्वभाव. त्यांना त्रास होतो त्याचा. मी सांभाळून घेईन इथून पुढं."

धैर्यशीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या.

"डॉक्टर, पट्टी तिच्या दंडावर आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात ना, कुणाच्या तरी चाहुलीनं रेघ चढते. ते कुणीतरी म्हणजे मी."

डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे, एकदा ऋतुजाच्या पदराकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. उठून त्यांनी धैर्यशीलच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब कपाटावरच्या यंत्रात घातला. यंत्राने आकडा दिला तेव्हा डॉक्टर जरा हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं.

"तुमचा जागल्या अगदी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही खुशाल स्वतःची पट्टी लावली असती तरी पास झाला असता. पहारा दुसरं कुणी देत असलं की माणूस ताजातवाना राहतो."

म्हणजे लबाडी करायचीसुद्धा गरज नव्हती. आयुष्यभर ज्या थकव्याचा मान तो पंगतीपंगतीत मिरवत आला, तो थकवा त्याचा नव्हताच. दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारून विकावा, तसला हा प्रकार झाला होता, आणि धंद्यातल्या माणसाला ह्याहून मोठी शरम नाही.

कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ऋतुजाने पदर बाजूला केला, पट्टी नखाने उकरून काढली आणि समोरच्या खणात ठेवली.

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी आणलीय," ती म्हणाली. "ताईला पण सांगून बसले मी."

त्याने माफी मागितली. ती नको म्हणाली नाही आणि असू दे पण म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती आजऱ्याला बहिणीकडे गेली. कधी येणार ते तिने सांगितलं नाही, आणि त्याला विचारायचं तोंड नव्हतं.

कंपनीने निम्मी ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला दिली. दसऱ्यानंतर स्वतःची पट्टी लावून या, मग बघू, असं कळवलं. वसाहतीत व्हायची ती चर्चा झाली. धैर्यशीलने फोन स्वतःच्या उशाशी घेतला. पहिल्यांदा सर्जेरावाचा फोन आला आणि मालकांचा आवाज ऐकू आला, तेव्हा सर्जेरावाने घाबरून तो ठेवूनच दिला. सकाळी भेटल्यावर म्हणाला, वहिनींना सांगितलं की जिवाला बरं वाटायचं बघा, त्या कधी खेकसल्या नाहीत. धैर्यशीलने ऐकून घेतलं. आता फोन वाजो न वाजो, त्याला झोप लागत नसे. वाजेल वाजेल म्हणून कान तिकडेच लागलेले असत.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात एक यंत्र चालत नाही. भट्ट्या झाकतात, लेथ धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घालतात. लोखंडाला सुद्धा वर्षाचा एक दिवस सुट्टी मिळते, आणि धैर्यशील त्याही दिवशी ऑफिसात बसून फोन करत असे. दरवर्षी पूजेचं ताट ऋतुजाच्या हाती असे. ह्या वेळी त्याने ते स्वतः घेतलं. कामगारांच्या बायका विचारत होत्या, वहिनी कुठं दिसत नाहीत? सुट्टीवर आहेत, असं तो सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्याची मान आपोआप खाली जात होती.

पूजा आटोपून तो लवकर घरी आला. त्या दिवशी घरातल्या हत्यारांचीही पूजा असते. विळी, खलबत्ता, मिक्सर, तिचं शिलाई यंत्र. इतकी वर्षं ही पूजा कोण करतं, कधी करतं, त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पाट मांडला, जे सापडलं ते त्यावर ठेवलं. शेवटी उशाजवळचा फोन आणला, बंद केला, त्यालाही कुंकू लावलं आणि वर एक झेंडू ठेवला. मग तिथेच सतरंजीवर बसून राहिला.

संध्याकाळी फाटकाची कडी वाजली.

धैर्यशील ताडकन उठला. सदरा नीट केला. पाटावरचं काही कमीजास्त झालंय का, फुलं उलटी तर नाहीत, भरभर नजर फिरवली. दारात ऋतुजा उभी होती, हातात पिशवी. तिने पाटाकडे पाहिलं, कुंकू लावलेल्या फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काही चुकलं का?" त्याने विचारलं.

ऋतुजाने दारातच चपला काढल्या.

"हे माझं वाक्य आहे," ती म्हणाली.

ती आत आली. यंत्राला नमस्कार करायला म्हणून आले, दसरा झाला की परत जाणार आहे, एवढं तिने सांगितलं. कायमचं की कसं, ते माझं अजून ठरलेलं नाही, तेव्हा आत्ता विचारू नका. त्याने मान हलवली. मग तिने शिलाई यंत्रावरचं फूल नीट केलं, खुर्चीत बसली, पाय स्टुलावर घेतले, पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि त्याच्या देखत खायला लागली.

तिने बस म्हटलं नव्हतं. बसावं की बसू नये हे धैर्यशीलला कळेना, म्हणून तो दाराशी उभाच राहिला.